तीन दिवसांचे सुतक

कापराचा वास थांबला, की घराला स्वतःचा वास येऊ लागतो. आमच्या बसवनगुडीच्या घरात रोज सकाळी सात वाजता देवघरातून कापूर आणि उदबत्तीचा वास निघे, मधल्या खोलीतून वळे आणि सासूबाईंच्या पलंगापाशी जाऊन रेंगाळे. ज्या तीन सकाळी तो निघाला नाही, त्या सकाळी मला जुन्या पुस्तकांचा कोंदट, औषधांच्या डब्याचा कडवट आणि न्हाणीघरातल्या फिनेलचा उग्र, असे वास पहिल्यांदाच वेगवेगळे ओळखू आले. ते एकट्या मलाच येत आहेत, अशी माझी समजूत होती. सासूबाईंना एक्क्याण्णवावे वर्ष लागले होते. डोळ्यांना माणसांच्या नुसत्या आकृत्या दिसत. उजवा कान गेला होता, डावा अर्धामुर्धा शाबूत होता. त्यांच्या नाकाचा विचार आमच्यापैकी कोणीच केला नाही.

त्या तीन दिवसांचे कारण असे. माझे धाकटे दीर कॅनडात राहत. जानेवारीतल्या एका सकाळी दारासमोरचे बर्फ उपसताना ते कोसळले आणि इस्पितळात पोहोचण्याआधीच वारले. वय साठ. इकडे तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि सासूबाई ताकभात खात होत्या. माझ्या यजमानांनी फोन कानाला लावून बाल्कनीचे दार ओढून घेतले. आत आल्यावर ते मला एवढेच म्हणाले, "अक्काला कळता कामा नये."

अक्का म्हणजे त्यांची आई. कित्येक पिढ्या या कन्नड मुलखातल्या शहरात राहिलेल्या या मराठी कुटुंबात आईला अक्का म्हणतात, थोरल्या भावाला अण्णा, आणि पेजेला गंजी. मी कोल्हापूरला मराठी कवितेचा अभ्यास संपवून लग्नानंतर इथे आले. मराठी वाक्याच्या मधोमध 'जरा'ऐवजी 'स्वल्प' म्हणणारी ही भाषा मला आवडली, पण खुद्द कन्नड माझ्या जिभेवर भाजीच्या गाडीपलीकडे कधी गेली नाही. घरातल्या बाकी सर्वांना ती येते. सासूबाईंना तर ती स्वप्नातही येत असावी.

फार म्हाताऱ्या माणसापासून मरण लपवायचे, ही आमच्याकडे रीतच आहे. मी ती माहेरी पाहिली होती, सासरी पाहिली. तिला कोणी खोटेपणा म्हणत नाही, जपणे म्हणतात. अंत्यविधी आम्ही महादेवपुऱ्याला आमच्या मुलाच्या फ्लॅटवर, लॅपटॉपच्या पडद्यावर पाहिला. सासूबाईंना सांगितले, बारशाला जाऊन येतो. परत आलो तेव्हा त्या पलंगावर बसून होत्या.

"बारशाच्या घुगऱ्या कुठायत?" त्यांनी विचारले.

"हल्ली घुगऱ्या नसतात, अक्का. केक देतात," यजमान म्हणाले.

"मग केक कुठाय?"

यजमान चपला काढत राहिले.

प्रश्न सुतकाचा होता. सख्ख्या भावाचे सुतक दहा दिवसांचे. दहा दिवस देवघर बंद राहिले तर त्यांना कळणारच. सुतक पाळलेच नाही, तर यजमानांना घास गिळवणार नाही. तेव्हा मी तोड काढली. म्हटले, तीन दिवस तुम्हाला ताप आहे असे सांगू. चौथ्या दिवशी देवांना हात न लावता दिवा आणि कापूर तेवढा लावू. तीन हा आकडा माझा. कोणत्याही तापाला शोभेल असा, म्हणून तो मला सुचला. यजमानांनी तीन दिवस घशातून खोटा खोकला काढला. त्याच्या आडून खरा हुंदका निघे, तो मला ऐकू येई.

चौथ्या सकाळी कापूर जळला. सासूबाईंनी मला हाक मारली.

"ताप तीनच दिवस होता का गं?"

"हो अक्का. उतरला."

"बरं," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे वळल्या.

त्यानंतर त्यांचे खाणे उतरू लागले. आधी पोळी सुटली, मग भात. मार्चमध्ये त्या वाटीभर गंजीवर आल्या आणि त्यातलेही चार चमचे मी मोजून घालत असे. चौथ्याला त्या "साकु" म्हणत, म्हणजे पुरे. अंघोळ नको झाली. बोलणे आटले. सकाळी खोलीत शिरताना मी उंबऱ्यापाशी थांबत असे, आणि त्यांच्या छातीवरचा पदर हलतो की नाही हे पाहिल्यावरच माझा स्वतःचा श्वास सुटे. माझ्या हाताचा पालथा पंजा त्यांच्या नाकासमोर धरण्याइतकी मी भित्री झाले.

पुण्याहून नणंदेचा फोन रोज येई. भावाच्या मरणाने ती आतून पार फुटलेली होती, म्हणून आम्हीच तिला बजावले होते: दोन वाक्ये बोल, रडू नकोस, ठेवून दे. सासूबाई फोन डाव्या कानाला लावून ऐकत, "बरं बाई" म्हणत आणि मला परत देत. एकदा मात्र त्यांनी विचारले, "तुझ्या लग्नात काय हरवलं होतं?"

"आता कुठं आठवतंय, अक्का! ठेवते हं, दूधवाला आलाय," नणंद म्हणाली. दूधवाला आला नव्हता. तिला रडू आले होते.

सासूबाईंनी फोन माझ्या हातात दिला. "हुशार आहे मुलगी."

"कोण, अक्का?"

"बोलणारी."

मला वाटले, स्मृती चालली. पोटच्या मुलीचा आवाज ओळखेनाशा झाल्या. त्या दिवसापासून मी त्यांच्या प्रत्येक वाक्यात तडे शोधू लागले. आज वार कोणता, असे सहज विचारल्यासारखे विचारायचे आणि उत्तर बरोबर आले तरी समाधान मानायचे नाही.

डॉक्टरांनी रक्त तपासले, छाती तपासली, स्मृतीची लहानशी परीक्षाही घेतली. ती त्या उत्तम पास झाल्या. "शरीरात काही नाही. मन खचलंय," डॉक्टर म्हणाले. "औषध देतो, पण त्यांच्याशी कोणीतरी बोलायला हवं. म्हाताऱ्यांचंच काम करणाऱ्या एक मानसोपचारतज्ज्ञ आहेत, त्या घरी येतात."

"एक्क्याण्णवाव्या वर्षी समुपदेशन?" यजमान गाडीत मला म्हणाले. "आता काय स्वभाव सुधारणार आहे का तिचा?"

"तुमचा सुधारेल कदाचित," मी म्हटले. त्या आठवड्यात आम्ही हसलो ते तेवढेच.

ती बाई मंगळवारी आणि शुक्रवारी अकरा वाजता स्कूटरवरून येई. चाळिशीची, सुती साडी, हातात वही नाही. पहिल्या दिवशी तिने पलंगाजवळची खुर्ची बाजूला सारली, स्टूल मागितले आणि सासूबाईंच्या डाव्या कानाशी, त्यांच्या चेहऱ्याच्या पातळीवर बसली. आवाज चढवण्याऐवजी तिने तो खाली, जाड केला. म्हाताऱ्या कानाला बारीक आवाज चिरतो, जाड आवाज पोहोचतो, असे तिने नंतर मला सांगितले. आत जाण्यापूर्वी तिने आम्हा दोघांना दिवाणखान्यात विचारले होते, "वर्षभरात घरात काही घडलंय? कोणाचा मृत्यू, आजारपण, कोणी घर सोडून जाणं?"

"काही नाही," यजमान म्हणाले.

मी टेबलावरचे पेले गोळा करू लागले. ते "काही नाही" माझेही होते.

दार लोटलेले असे. बाहेरच्या खोलीत मी वाळलेले कपडे पुन्हा पुन्हा घडी करत बसे. आतून कन्नड येई, पाण्याखालून यावी तशी. दोन ओळखीचे शब्द वर येत आणि बाकीचे बुडत. 'मगळु' कळे, म्हणजे मुलगी. तो शब्द फार वेळा येई. सासूबाई तिलाच तसे म्हणतात, असे मी धरून चालले. मग लांब शांतता. एकदा त्या शांततेत नाक शिंकरल्याचा आवाज आला आणि मी दारापर्यंत जाऊन परतले. माझ्याविषयी बोलत असतील का? औषधाच्या वेळी मी त्यांच्यावर खेकसले होते, ते सांगत असतील का? बाहेर आल्यावर त्या बाईला मी विचारले, "काय म्हणाल्या?"

"ते त्यांचं आहे," ती सौम्यपणे म्हणाली. "सांगायचं झालं तर त्यांना विचारून सांगेन."

मला तिचा राग आला. माझ्या घरात, माझ्या स्टुलावर बसून, मला न कळणाऱ्या भाषेत माझ्याच सासूचे गुपित.

पाचव्या भेटीनंतर ती स्वयंपाकघराच्या दारात आली. कढीला फोडणी घातली होती. कढीपत्ता तडतडत होता. ती माझ्याशी हिंदीत बोले, अधूनमधून इंग्रजीत.

"अज्जींनी एकच गोष्ट तुम्हाला विचारायला सांगितली आहे. बाकीचं आमच्यातच राहील. त्यांना जाणून घ्यायचंय, त्यांची मुलगी कशाने गेली."

"कोण गेली?"

"त्यांची मुलगी. पुण्याची."

"ती धडधाकट आहे! साडेनऊला तिचा फोन येऊन गेला."

तिने पुढे होऊन गॅस बंद केला. तडतड थांबली.

"मग या घरात कोण गेलंय?"

मी ओट्याला टेकले आणि सगळे सांगितले. बर्फ, लॅपटॉप, बारसे, ताप. तीन दिवस म्हणताना माझी जीभ अडखळली. लग्न होऊन परक्या घरी गेलेल्या मुलीचे सुतक आईबापांच्या घरी तीन दिवस असते. हे मला लहानपणापासून ठाऊक होते. पण ठाऊक असलेली गोष्ट त्या संध्याकाळी माझ्या जवळ आली नाही. सासूबाईंनी कापराचा खाडा नाकाने मोजला होता. दहा असता तर मुलगा. तीन, म्हणजे मुलगी. कॅनडाचा मुलगा तर दोन-दोन महिने फोन करत नसे. त्याच्या गप्प राहण्यात त्यांना नवे काही दिसले नाही. आणि रोज फोनवर बोलणारी ती हुशार मुलगी म्हणजे, आम्ही त्यांचे समाधान करायला उभी केलेली कोणीतरी.

"मग त्यांनी आम्हाला विचारलं का नाही?" मी म्हटले.

"विचारलं तर त्यांच्या मुलाला ते तोंडाने सांगावं लागेल, म्हणून. त्या तुम्हाला जपत होत्या."

संध्याकाळी यजमान, मी आणि ती बसलो. नणंद फोनच्या स्पीकरवर होती. अक्का तुला मेलेली समजते आहे, हे तिला यजमानांनीच सांगितले.

"तिला भेटवू. जिवंत आहेस हे दिसलं की झालं," यजमान म्हणाले. "दुसरं काही सांगायची गरज नाही. बी. पी. वाढलं, काही झालं, तर जबाबदार कोण?"

"अण्णा," फोनमधून आवाज आला, "म्हणजे मी मेलेली तीन महिने चालले, तो मेलेला चालत नाही?"

यजमान माझ्याकडे पाहू लागले, जणू ते वाक्य मी बोलले होते.

त्या बाईने आम्हाला कोणतेही आश्वासन दिले नाही. "काही होणार नाही, असं मी म्हणणार नाही. वय मोठं आहे, अंगात ताकद नाही. पण कोणीतरी गेलंय हे त्यांना माहीत आहे. मुलगी समोर उभी राहिली, की त्या पुढचा प्रश्न विचारतील. तेव्हा पुन्हा खोटं बोललात, तर यापुढे तुमच्या कशावरच त्यांचा विश्वास बसणार नाही." मग तिने कामाचे सांगितले. सकाळची वेळ. आधी औषध आणि चार घास. डॉक्टरांना कळवून ठेवायचे. मराठीतच सांगायचे, त्यांच्या आईच्या भाषेत. देवाघरी गेला, सोडून गेला असे काही म्हणायचे नाही. वारला म्हणायचे. सांगायचे ते मुलाने. आणि सांगून झाल्यावर लगेच बोलत सुटायचे नाही.

नणंदेला येईपर्यंत दोन दिवस गेले. त्या दोन दिवसांत मी गंजी पातळ केली, मग घट्ट केली. सांगितले तर त्या जातील. न सांगितले तर चार चमच्यांनी हळूहळू जातील. दोन्हीकडे माझाच हात दिसे. एकटी असताना मी ते वाक्य मोठ्याने म्हणून पाहिले, "तुमचा धाकटा मुलगा वारला." माझे काम नव्हते ते, तरी म्हणून पाहिले.

शुक्रवारी सकाळी नणंद विमानतळावरून आली. देवनहळ्ळीपासून घरापर्यंत टॅक्सीत ती दर दहा मिनिटांनी मला फोन करत होती. "वहिनी, अक्का जेवली का? वहिनी, तुम्ही काही बोललात का?" दुखऱ्या गुडघ्याने लंगडत ती खोलीत शिरली. ती बाई स्टूल दाराशी घेऊन बसली होती. यजमान खिडकीपाशी, मी पायथ्याशी.

"अक्का, मी आलेय."

सासूबाई हलल्या नाहीत. "रोज फोनवर असतेस ती का?"

नणंदेने खाली बसून त्यांचे हात आपल्या चेहऱ्यावर ठेवले. ते हात कपाळावरून उतरले, गालांवर थांबले, मग उजव्या कानाकडे गेले. लहानपणी डूल ओढला जाऊन तिची पाळी फाटली होती. टाके घालूनही तिथे गाठ राहिली होती. सासूबाईंची बोटे त्या गाठीवर आली आणि तिथेच फिरत राहिली, एकदा, दोनदा, पुन्हा.

"किती जाड झालीस गं," त्या म्हणाल्या. आवाज फाटलेला होता. मग त्यांनी त्याच कानाखाली एक हलकी चापट मारली. "फोनवर कोण बोलत होतं?"

"मीच, अक्का."

"तो आवाज तुझा नव्हता."

"रडून बसला होता."

खोलीत पंखा होता, बाहेर रस्त्यावर टेम्पो मागे घेणारा कोणीतरी होता. ते आवाज मला अचानक फार मोठे ऐकू आले. सासूबाईंचे हात मुलीच्या चेहऱ्यावरून खाली मांडीवर आले.

"कोणासाठी रडत होतीस?"

नणंदेने भावाकडे पाहिले. सासूबाईंनीही मान खिडकीकडे, त्या उंच आकृतीकडे वळवली. "तू आहेस," त्या म्हणाल्या. मग मुलीच्या डोक्यावर हात ठेवून, "ही आहे."

यजमानांनी तोंड उघडले. "अक्का, ऊन येतंय का? खिडकी लावू का?"

मी दाराशी बसलेल्या बाईकडे पाहिले. तिने मान हलवली नाही, डोळाही हलवला नाही. मी पायथ्यापासून उठून डाव्या कानाशी गेले आणि आवाज शक्य तेवढा जाड केला.

"अक्का, तुमचा धाकटा मुलगा वारला. कॅनडात. हृदय बंद पडलं."

मी त्यांच्या पदराकडे पाहत होते. तो हलत होता.

"कधी?"

"जानेवारीत. संक्रांतीनंतर."

त्या ओठांनी काहीतरी मोजत राहिल्या. "आजारी होता?"

"नाही. सकाळी बर्फ उपसत होते. फार वेळ लागला नाही."

"आणि तुम्ही तीन दिवस धरलंत." चेहरा लाल झाला. "सख्ख्या भावाला तीन दिवस? कोणाचं डोकं हे?"

"माझं," मी म्हटले.

त्यांनी मला शिव्या दिल्या. काही कन्नडमध्ये होत्या, त्या कळल्या नाहीत. कळल्या त्या पुरेशा होत्या. यजमान मध्ये पडणार होते, पण त्या बाईने हाताने त्यांना थांबवले. शिव्या संपल्यावर रडणे आले. मोठे, सपाट, मूल रडते तसे, अजिबात न लाजता. नणंद त्यांच्या गुडघ्यांवर डोके ठेवून होती. यजमान खिडकीकडे तोंड करून उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते. किती वेळ गेला ते मी घड्याळात पाहिले नाही, नाडीवर बोट मात्र ठेवून होते.

मग त्यांनी पदराने तोंड पुसले. "न्हाणीत पाणी काढ," त्या मला म्हणाल्या. "मला आज कळलं. मला आज स्नान आहे."

दीड महिन्यात त्यांनी डोक्यावरून पाणी घेतले नव्हते. मी त्या बाईकडे वळले, तिने नुसते विचारले, "स्टूल घसरणार नाही ना?" आम्ही तिघींनी त्यांना धरून नेले. नेसत्या साडीनिशी त्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसल्या. कोमट पाण्याची बादली मी कोपराने दोनदा तपासली. पहिला तांब्या डोक्यावर ओतला तेव्हा विरळ पांढरे केस कवटीला चिकटले आणि त्यांच्या तोंडून उसासा निघाला. दुसऱ्याला खांद्यांची हाडे साडीतून उभी राहिली, दातावर दात वाजला. मला भीती वाटली. एवढ्याशा देहाला एवढे पाणी नको. मी तांब्या बादलीत ठेवला आणि टॉवेलकडे हात नेला.

त्यांनी ओल्या बोटांनी माझे मनगट धरले.

"अजून."